बिछायतीवरचा वर्ग

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

दर्यापूर सोडून वर्ध्याला नालवाडीत आलो. सामान एका खेपेत आलं. टेम्पोवाल्याला सांगितलं होतं की प्लॅटफॉर्म काटा आडवा टाकायचा नाही, उभाच बांधायचा, त्याने ऐकलं. दर्यापुरात असं ऐकणारा माणूस एकवीस वर्षांत भेटला नव्हता. शकुन चांगला आहे.

जागा पाहिली त्यापेक्षा चांगली निघाली. पुढे यशोदाबाईंचं राहतं घर, मागे त्यांची वांगी-मेथीची वाडी, आणि मध्ये हा हॉल, त्याला लागून मला राहायला एक खोली, तिचं दार वेगळं. त्यांच्या यजमानांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मंडप, खुर्च्या, सतरंज्या, गंज-पराती भाड्याने द्यायचा धंदा. ते दोन वर्षांपूर्वी वारले. सामान विकलं, गोदाम रिकामं झालं, ते मी घेतलं. टेपने मोजलं: लांबी सव्वीस फूट चार इंच, रुंदी तेरा फूट दोन इंच, टिनापर्यंत उंची अकरा फूट नऊ इंच. मी तलवार डोक्यावर पूर्ण नेली की टोक जमिनीपासून आठ फूट साडेदहा इंचांवर जातं. म्हणजे जवळपास तीन फूट मोकळे. दर्यापूरच्या खोलीत पंखा काढून ठेवून सराव करावा लागे.

कोपऱ्यात आठ सतरंज्या राहिल्या आहेत, त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही. यशोदाबाई म्हणाल्या की वापरा, नाहीतर उंदीरच खातील. चार अंथरल्या. गुडघ्यांना बरं.

पश्चिमेच्या भिंतीत एक उंच खिडकी आहे. साडेचारला तिथून उन्हाचा पट्टा येतो आणि बरोबर हॉलच्या मधोमध पडतो. बावन्नाव्या वर्षी मला माझी जागा मिळाली असं वाटलं. रात्री खिचडी केली, तीही जमली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

घडी बसवली. सकाळी नऊ ते साडेतीन बाजारातली कामं. इथल्या कापूस आणि धान्य व्यापाऱ्यांचे काटे तपासायचे, दुरुस्त करायचे, सरकारी शिक्क्यासाठी तयार करून द्यायचे. हे काम मला कोणी शिकवलं नाही. मी काटे उघडून शिकलो. चार ते सहा सराव. नंतर ही वही.

सराव कशाचा ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण लोक विचारतात आणि तोंडी सांगितलं की हसतात. जपानी तलवारविद्येचा इआइदो नावाचा प्रकार आहे. गुडघ्यांवर बसायचं, समोर शत्रू आहे असं मानायचं, एका हालचालीत तलवार म्यानातून काढून वार करायचा, रक्त झटकायचं, तलवार परत म्यानात. हा झाला पहिला प्रकार, सगळं मिळून वीस सेकंद. त्या वीस सेकंदांसाठी मी साडेतीन वर्षं घातली आहेत. विदर्भात ही विद्या शिकवणारा कोणी नाही. मी शोधून थकलो, मग शोधणं सोडलं. लॉकडाउनमध्ये एका वृद्ध जपानी गुरूच्या त्रेचाळीस फिल्मा इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. तेव्हापासून तेच माझे गुरू. दुसऱ्या कोणाचं काही पाहिलं नाही. दोन डॉक्टरांचं औषध एकदम घेऊ नये.

एक इंग्रजी पुस्तक मागवलं होतं, पण त्यातली सगळी चित्रं उलटी छापली आहेत. तलवार डाव्या कमरेला, उपसतात उजव्या हाताने. गुरूंची तलवार उजव्या कमरेला असते आणि डावा हात उपसतो. ही विद्या डाव्या हाताची आहे. छापखान्यात ब्लॉक उलटा लागला असणार. मी प्रत्येक पानावर पेन्सिलने दुरुस्ती केली.

अंगरखा मी स्वतः शिवला, आईच्या मशीनवर. उजवी बाजू वर, डावी खाली, गुरूंसारखीच. तलवार बोथट आहे, स्वतः घासलेली, वजन ९७० ग्रॅम. गुरूंच्या मागच्या भिंतीवर तीन जपानी अक्षरं आहेत, तीही मी आज इथल्या भिंतीवर काळ्या रंगाने उतरवली. वाचता येत नाहीत, पण एकेक फटकारा मोजून काढला आहे.

सरावाआधी काट्यावर उभा राहतो. ६१ किलो ४०० ग्रॅम.

शनिवार, १६ नोव्हेंबर

यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वाटीत वांग्याची भाजी होती. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. तलवार म्यानात गेल्यावर म्हणाल्या, "काऊन हो भाऊ, समोर तं कोनीच नाई. कोनाले मारून राह्यले?"

मी सांगितलं की शत्रू मनाने पाहायचा असतो.

त्या म्हणाल्या की लग्न केलं असतं तं खराच भेटला असता, इतकं गुडघे फोडाचं काम नव्हतं.

हसू आलं, पण मी दाखवलं नाही. वाटी ठेवून त्या बराच वेळ बोलत बसल्या. या सतरंज्यांवर अर्धी वर्धा बसून गेली म्हणे. लग्नाच्या पंगती, तेरवीच्या पंगती. तेरवीला गेलेल्या सतरंज्या त्यांचे यजमान वेगळ्या ठेवायचे, लग्नाला देत नसत. मी विचारलं की या आठ कुठल्या. त्या म्हणाल्या, "ज्या कोनी घेतल्या नाई त्या."

भाजी चांगली होती. वाटी धुऊन परत केली. "रोज एकट्यानं काय रांधता," असं म्हणाल्या, "कधी जेवाले येजा." मी येतो म्हणालो. जाणं होत नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पुलगावला एका जिनिंगचा काटा बघायला गेलो होतो. परतीच्या एसटीत कंडक्टरने माझ्या पुढच्या बाईला तिकीट दिलं, मागच्याला दिलं, मला विचारलंच नाही. दोनदा हात पुढे केला तरी माझ्यावरून नजर नेऊन गेला. शेवटी दंडाला हात लावून तिकीट मागितलं तेव्हा दचकला. कामात लक्ष नसलं की असं होतं.

कोपऱ्यावर बंडूजींची टपरी आहे. तिथेही आज तसंच. मी आधी उभा, माझ्यानंतर आलेल्या तिघांना चहा मिळाला. बंडूजी तसा बोलका माणूस, पहिल्या दिवशी मला "काटेवाले साहेब" म्हणून बाकावर जागा करून देणारा. आज खाकरलो तेव्हा म्हणाला, "अरे, तुमी कवा आले?"

पहिला प्रकार आज एकोणतीस वेळा केला. सव्विसावा निर्दोष होता. तो पाहायला कोणी नव्हतं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

एक नोंद. रोज सराव संपला की मी सतरंज्या झाडूने एकाच दिशेने झाडतो, त्यामुळे त्यांचा रोवा, म्हणजे वरची लव, एका बाजूला बसतो. आज चार वाजता कुलूप उघडलं तेव्हा माझ्या जागेसमोर, सहा फुटांवर, दोन खळगे होते. गोल, साडेचार इंच व्यासाचे, मध्ये एक वीत अंतर. मागे दोन लांबट दबलेल्या खुणा.

गुडघे आणि पावलं. मी बसतो तेव्हा माझ्या जागी अशाच खुणा पडतात, म्हणून ओळखल्या.

किल्ली माझ्याकडे एक, यशोदाबाईंकडे एक. त्यांना विचारलं. म्हणाल्या की माझे गुडघे उकिडवं बसू देत नाईत, मी तिथं काय नमाज पडाले जाऊ का.

मांजर असेल. टेपने पुन्हा मोजलं, झाडून टाकलं.

सोमवार, २ डिसेंबर

वजन ५८ किलो ९००. तीन आठवड्यांत अडीच किलो. पँट तशीच बसते, पट्ट्याचं भोक तेच. मग काटा चुकला असणार म्हणून वीस-वीस किलोची दोन शिक्क्याची वजनं ठेवून पाहिली. चाळीसला चाळीस, ग्रॅमचाही फरक नाही.

खुणा आता चार जणांच्या आहेत. एका ओळीत, प्रत्येकात तीन-तीन फूट अंतर. वर्गात बसायचं अंतर एवढंच असतं, गुरूंच्या फिल्म क्रमांक ७ मध्ये दिसतं. मांजराला ते ठाऊक असायचं कारण नाही.

पंधरा मिनिटं दारातच उभा राहिलो. नंतर आत गेलो, माझ्या जागी बसलो, नमस्कार केला. पहिला उजवा हात टेकवायचा, मग डावा, मग डोकं. वर पाहिलं तर चारही जागांच्या पुढे सतरंजीवर हातांचे पंजे उमटत होते. आधी उजवा. मग डावा. ऊन पडलेलं होतं, प्रत्येक धागा दिसत होता.

मी बाहेर पळालो नाही. का, ते खरं लिहितो. दर्यापुरात आई गेल्यापासून माझ्यासमोर कोणी बसलेलं नाही. साडेतीन वर्षं जे करतो ते कोणी पुरतं पाहिलेलं नाही. मी पहिला प्रकार केला. म्यानात टोक एका दमात गेलं. समोर कोणी हललं नाही. नीट पाहत होते.

रविवार, ८ डिसेंबर

रोज येतात. दिसत काही नाही. मी करतो ते पाहतात, मग मी थांबलो की सतरंजीचा रोवा हलतो, तेही करतात. तिसऱ्याचा डावा पाय पुढे फार पडतो. आज मी ते बोलून दाखवलं. पुढच्या खेपेला पाय चार इंच मागे होता.

भीती वाटते. चारनंतर कमी वाटते.

पण एक गोष्ट डाचते. माझ्या धंद्यात शिक्का नसलेलं वजन बाजारात चालत नाही, मग ते कितीही बरोबर असो. मी शिकवायला लागलो आहे, आणि माझ्यावर शिक्का कोणाचाच नाही. पुण्यात रुचिका नावाच्या बाई आहेत, जपानला राहून रीतसर परीक्षा दिलेल्या, वय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी कमी. त्यांचा पत्ता दोन वर्षांपासून माझ्याकडे होता. कधी लिहिलं नाही. आज मोबाइल स्टुलावर ठेवून पहिल्या पाच प्रकारांचं चित्रण केलं आणि पाठवलं. लिहिलं की दोष असल्यास निःसंकोच कळवावे. दोष नाहीत हे मला माहीत आहे.

चित्रणात समोरच्या सतरंज्या येऊ दिल्या नाहीत.

बुधवार, ११ डिसेंबर

उत्तर आलं. बाईंनी "तेलरांधे सर" म्हटलं आहे. लिहितात, घरी एकट्याने शिकून इतका ताबा मी कोणाचा पाहिला नाही. हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. पुढे लिहितात, फक्त व्हिडिओ उलटा आला आहे, पुढच्या कॅमेऱ्याने होतं असं, सरळ करून पुन्हा पाठवा म्हणजे बारकावे सांगते.

व्हिडिओ उलटा नाही. माझ्या मागे बियाणं कंपनीचं कॅलेंडर आहे, त्यावर "डिसेंबर" सरळ वाचता येतं. तसं कळवलं.

वजन ५६.३००. टपरीवर आज चहा मिळालाच नाही. बंडूजीने माझ्या अंगावरून हात नेऊन मागच्याला पेला दिला.

गुरुवार, १२ डिसेंबर

बाईंनी फोनच केला. आवाज नीट पोचत नव्हता, त्या सारख्या "ऐकू येतंय ना, सर" विचारत होत्या. मला ऐकू येत होतं. मीच त्यांना येत नव्हतो.

म्हणाल्या की मग तुम्ही सगळंच उलटं शिकलाय. तलवार डाव्या कमरेलाच असते, उजव्याच हाताने उपसतात, जगात कुठेही, डावखुऱ्यांनासुद्धा. चोरून चढवलेले व्हिडिओ पकडले जाऊ नयेत म्हणून लोक ते आरशासारखे फिरवून टाकतात, तुमच्या गुरूंचे तसेच असणार. मग म्हणाल्या की एक सांगू का, राग मानू नका, तो अंगरखा तरी आजच बदला. उजवी बाजू वर घेऊन तिकडे फक्त प्रेताला नेसवतात. जिवंत माणूस चुकूनही तसा बांधत नाही.

फिल्म लावली. कोपऱ्यात एक घड्याळ आहे. बारकं आहे, पण आहे. मी गुरूंचे हात बघत होतो, घड्याळाकडे कधी पाहिलं नव्हतं. सेकंदकाटा मागे मागे जात होता.

मी, काट्यांचा माणूस.

साडेतीन वर्षं. पुस्तक बरोबर होतं. मी त्यावर पेन्सिलने —

आज सराव केला नाही. चारला हॉलमध्ये गेलो नाही. साडेचारला भिंतीपलीकडून सतरंजीवर गुडघे टेकल्याचा आवाज आला. चारपेक्षा जास्त.

शुक्रवार, १३ डिसेंबर

यशोदाबाई वाडीत मेथी काढत होत्या. जवळ जाऊन तीनदा हाक मारली तेव्हा डोकं वर केलं आणि छातीला हात लावला. म्हणाल्या, "कुठी गेलते भाऊ तुमी? चार दिवस झाले, मी म्हतलं गावाले गेले वाटते." मी चारही दिवस त्यांच्या ओट्यावरून गेलो होतो. दोनदा बोललोही होतो.

कोणाला तरी सांगायला हवं होतं. अंगरख्याचं सांगितलं, खुणांचंही. वाटलं हसतील. त्या मेथीची जुडी बांधत राहिल्या. म्हणाल्या की आपल्यातही मयताचं समदं उलटंच असते, जानवंवाले जानवं फिरवते, फेरे उलटे घेते. ते त्या दिवसापुरतं. रोज कोनी करते का? "तुमी मयताचे कपडे घालून पंगत मांडली तं मयतच येऊन बसन ना. जितं मानूस कायले येईन? अन् मंग जित्या मानसाले तुमी तरी कायले दिसान?"

अंगरखा जाळा म्हणाल्या, तलवारीचं ते तुणतुणं जमिनीत गाडा, अन् आजपासून माझ्याकडे जेवा.

जेवलो. भाकरी, मेथी, ठेचा. किती दिवसांनी समोर बसून कोणी वाढलं. त्या मध्येच माझ्याकडे बारीक डोळे करून पाहत होत्या, धुकं असल्यासारखं.

रविवार, १५ डिसेंबर

जाळलं नाही. जाळायला काय झालं, चूक दुरुस्त करता येते. काटा चुकला म्हणून कोणी काटा जाळत नाही.

कालपासून अंगरखा डावी बाजू वर घेऊन बांधतो. तलवार डाव्या कमरेला. उजवा हात. पहिल्या दिवसापासून सुरुवात.

वजन ५६.१०० वरून ५७.००० झालं आहे. सकाळी बंडूजीने न सांगता चहा दिला आणि विचारलं की बिमार होते काय साहेब, लय दिवसानं दिसले. बाकावर बसून दोन पेले प्यायलो. चौकातल्या रिक्षावाल्याने कापसाच्या भावाबद्दल मत विचारलं. एवढंच, पण घरी येईपर्यंत छाती भरून राहिली. म्हणजे उपाय हाच आहे. उजव्या हाताने करत राहायचं.

खुणा नऊ आहेत. दोन ओळी. आज त्यांनी माझ्याबरोबर नमस्कार केला नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

उजवा हात मूर्ख आहे. तलवार म्यानात अडकते. टोक शोधावं लागतं, चाचपडावं लागतं, पहिल्या महिन्यातल्या पोरासारखं. बावन्न वर्षांचा माणूस आणि समोर नऊ जण बघताहेत. ज्या तिसऱ्याचा पाय मी सुधारला, तोही बघतोय. पाऊण तासात म्यान दोनदा हातातून सुटलं.

पुढची ओळ फूटभर जवळ सरकली आहे. मोजलं. पाच फूट.

मग मी एक केलं. खरं लिहितो. त्यांना वाटू नये की याला येतच नाही, म्हणून एकदाच, फक्त एकदा, अंगरखा पूर्वीसारखा करून डाव्या हाताने पहिला प्रकार केला. आयुष्यातला सर्वांत चांगला झाला. तलवारीचा आवाज कापड फाटल्यासारखा निघाला आणि उन्हाच्या पट्ट्यातली धूळ दोन भाग होऊन तशीच थांबली. नऊच्या नऊ जणांनी डोकं टेकवलं.

मला रडू आलं.

मग आणखी एकदा. मग अंधार पडेपर्यंत.

शुक्रवार, २० डिसेंबर

३१.२००.

यशोदाबाईंच्या ओट्यावर जेवायला बसलो. त्यांनी एकच ताट वाढलं, स्वतःचं. मी बोलत होतो. त्या जेवल्या, ताट उचललं, माझ्या मांडीवरून पाय टाकून आत गेल्या. दाराशी थबकून म्हणाल्या, आपल्याशीच, की ते भाऊ जेवाले आले नाई आज.

मी इथेच आहे म्हणालो. ओरडून म्हणालो.

रुचिकाबाईंना फोन लावला. "हॅलो, हॅलो" म्हणाल्या आणि ठेवला.

उद्यापासून फक्त उजवा हात. शपथ.

शनिवार, २१ डिसेंबर

उजवा हात. दोनशे वेळा. डावी बाजू वर. चुकलं तरी थांबलो नाही.

मध्येच पाहिलं तर तलवार डाव्या हातात. कधी बदलली —

खुणा मोजत नाही आता. भिंतीपर्यंत आहेत.

रविवार, २२ डिसेंबर

काट्यावर उभा राहिलो. दांडी हललीच नाही. वजनाचा गट्टू सरकवत शून्यावर आणला. दांडी मधोमध तरंगत राहिली, रिकाम्या काट्यावर तरंगते तशी. पाय आपटला. तरंगत राहिली.

उतरलो. वीस किलोचं वजन ठेवलं. वीस दाखवलं. काढलं. मी चढलो. शून्य.

काटा खोटा नाही. मी दुरुस्त केलेला काटा आहे.

सोमवार, २३ डिसेंबर

सकाळी यशोदाबाईंनी हॉलचं दार लोटलं. सोबत त्यांची मुलगी गुंजन, माहेरी आलेली. दोघी माझ्यासमोर उभ्या. गुंजन म्हणाली की सामान तं आहे, मानूस कुठी आहे. यशोदाबाई म्हणाल्या, "मले न सांगता जानारा नव्हता व तो. वाटी सुदा धुवून देनारा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी.

त्यांच्या पदराला हात लावला. त्यांनी पदर झटकला, माशी बसल्यासारखा.

सतरंज्या गुंडाळून उन्हात नेल्या. सात. आठवीवर मी उभा होतो. ती त्यांनी ओढली, ती हलली नाही, दोघींनी ओढली. गुंजन म्हणाली की राहू दे आई, खिळली दिसते.

मग बाहेरून कुलूप.

किल्ली माझ्या खिशात आहे. दाराला आतून भोक नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

चार वाजून पस्तीस मिनिटं. ऊन आलं.

ठरवलं आहे. एक प्रकार, पहिला, पूर्ण उजव्या हाताने, चूक न करता. डावी बाजू वर. एवढा झाला की काट्यावर चढायचं. यशोदाबाई वाडीत आहेत, खोकल्याचा आवाज येतो. वजन आलं की हाक मारायची, ऐकू जाईल. एकच. मला जमेल. मी काय काय शिकलो एकट्याने.

वही मांडीजवळ उघडी ठेवली आहे. प्रत्येक पायरी लिहून मग करायची, म्हणजे हात फसवणार नाही.

अंगरखा. उजवी बाजू आत. डावी वर. गाठ. खाली पाहिलं. बरोबर आहे.

तलवार डावीकडे.

सतरंजी एकच, लांब. समोर चौघं. आज पाच फूट नाही. तीन.

नमस्कार. आधी डावा हात. टेकवला. मग उजवा. ते टेकवत नाहीत. बघताहेत.

उजवा हात मुठीवर.

दोन फूट.

उपसली. अडकली नाही. उजव्या हातात आहे, पुन्हा पाहिलं, उजव्याच. वार — सरळ गेला. बाहेर यशोदाबाई कोणाला तरी हाक —

म्यानात टोक. एका दमात. झालं. झालं, चूक नाही. आता उठून काट्यापर्यंत आठ पावलं —

खळगे माझ्या गुडघ्यांना लागून. दोन्ही बाजूंनीही. उठता येत नाही. खांद्यावर —

रागावलेले नाहीत. हळू. चूक दुरुस्त करायची, तशी मी तिसऱ्याच्या पायाची केली होती. गाठ सुटतेय. मी धरून ठेवली आहे एका हाताने, दुसऱ्याने लिहि — बोटं एकेक करून उघडताहेत माझी. किती नीट. मीच शिकवलंय.

यशोदाबाई दाराशी आल्या. पावलं. मी इथे

डावी बाजू काढली. आता उज